सोसायटीच्या हवेचा हिशेब: ऐरोलीतल्या 72 घरांची वही

ऐरोलीकर

नमस्कार मंडळी. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार. नवी मुंबईतल्या ऐरोलीत दोन विंग, नऊ मजले, 72 घरं. यंदा वार्षिक हिशेब लावताना एक गोष्ट मनाला लागली. रंगाच्या डब्यापासून झाडूपर्यंत सगळ्याची पावती आपण फाइलला लावतो, पण या 72 घरांतून वर्षभरात किती हरितगृह वायू हवेत जातात याची एक ओळही कुठे नाही. म्हणून दीड महिना खपून वही केली. विजेची युनिटं 58 घरांनी कळवली, उरलेल्यांची सरासरीने धरली. पेट्रोलचा आकडा ज्याने-त्याने अंदाजाने सांगितला. ओला कचरा आम्ही आठवडाभर रोज सकाळी काट्यावर घातला. आकडे ढोबळ आहेत, पण मोठं काय आणि छोटं काय एवढं कळायला पुरेसे.

घरांतली वीज वर्षाला 1,90,000 युनिटांच्या आसपास. आपल्या ग्रिडवर, म्हणजे देशाच्या वीजजाळ्यावर, एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, कारण देशातली बहुतांश वीज अजून कोळशावर होते. म्हणजे 133 टन. मे महिन्याची युनिटं जानेवारीच्या जवळपास दुप्पट, तेव्हा यात एसीचा वाटा किती ते दिसतंच. त्याखालोखाल गाड्या: 41 मोटारी आणि दुचाकी मिळून 19,000 लिटर पेट्रोल, लिटरमागे 2.3 किलोने 44 टन. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचा सामाईक मीटर 28,800 युनिटांचा, म्हणजे 20 टन. स्वयंपाकाचा पाइप गॅसही 20 टनांच्या घरात.

इथवर अंदाज होता. पुढच्या दोन नोंदींनी मात्र झोप उडवली.

पहिली ओल्या कचऱ्याची. रोज सरासरी 50 किलो, वर्षाला 18 टन. हा कचरा डंपिंगवर थरांखाली दाबला गेला की त्याला हवा मिळत नाही आणि तो कुजताना मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 28 पट तापवतो, वीस वर्षांच्या हिशेबाने 80 पटींहून जास्त. दाबलेल्या टनभर ओल्या कचऱ्यामागे अर्धा ते एक टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम धरला, तर आमच्या साली, देठं आणि उरलेल्या भाताचे 9 ते 18 टन होतात. चारही लिफ्ट, पंप आणि सगळे दिवे वर्षभर चालवून होतात 20.

दुसरी नोंद एसीतल्या गॅसची. ग्रुपवर विचारलं, गेल्या उन्हाळ्यात कुणी गॅस भरून घेतला? 17 घरं निघाली. गॅस भरावा लागला याचा अर्थ आधीचा उडून गेला. जुन्या एसीतला आर-22 नावाचा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या साधारण 1800 पट तापवतो, नंतरचा आर-410ए 2000 पटींहून जास्त, हल्लीचा आर-32 सुमारे 675 पट. घरगुती स्प्लिट एसीमध्ये पाऊण-एक किलो गॅस असतो. 17 घरांतून 12 किलो उडाला असं धरलं तर गॅसच्या प्रकाराप्रमाणे 8 ते 25 टन. त्याला ना धूर, ना बिलावर ओळ. म्हणून इतकी वर्षं तो कुणाच्या लक्षातच आला नाही.

सगळं मिळून घरटी साडेतीन टनांच्या आसपास.

माझं म्हणणं असं: घरातली वीज आणि गाड्या हे मोठे आकडे आहेत, पण ते माणसामाणसाच्या सवयीवर, ऐपतीवर आणि नोकरीच्या जागेवर अवलंबून आहेत. ते हळूहळू हलतील. कचरा, एसीचा गॅस आणि सामाईक मीटर या तीन नोंदी मात्र सर्वसाधारण सभेतल्या तीन ठरावांनी दोन वर्षांत निम्म्यावर येऊ शकतात. "पर्यावरणासाठी काहीतरी करा" म्हटलं की लोक कापडी पिशवीपाशी थांबतात. पिशवी हवीच. पण सोसायटीच्या हातात त्याहून किती तरी जास्त आहे.

गच्चीवर 15 किलोवॉटचे सोलर पॅनेल बसवायचा विचार आहे. किलोवॉटला वर्षाकाठी 1300 युनिटं धरली तर 19,500, म्हणजे सामाईक मीटरचा दोन-तृतीयांश भाग. 2024 मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला 18,000 रुपये अनुदान आहे, म्हणजे आमचे 2,70,000. विरोध दोन गोष्टींवर आहे: गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि वारा.

ज्यांनी यातलं काहीही प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा. काय फसलं तेही लिहा.

मोगरा

वही फार आवडली. आम्ही घोडबंदर रोडला, 140 घरं. ओल्या कचऱ्याचं खत करतोय त्याला पाच वर्षं झाली. त्यातलं पहिलं वर्ष वाया गेलं, ते आधी सांगते.

2016 च्या घनकचरा नियमांत 5,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्य तितका आवारातच जिरवावा असं होतं. त्यावरून कमिटीने एक यंत्र घेतलं. विक्रेत्याने सांगितलं, 24 तासांत खत. मशीनमध्ये हीटर होता. बाहेर पडायचा तो तपकिरी भुगा दिसायला सुरेख, पण ते खत नव्हतं, वाळवलेला कचरा होता. कुंडीत घालून पाणी दिलं की पुन्हा ओला व्हायचा आणि दोन दिवसांत घाण वास. शिवाय हीटरची वीज सामाईक मीटरवर. मिथेन वाचवायला गेलो आणि कोळसा जाळला. ऐरोलीकर, कुणी 24 तासांचं खत विकायला आलं तर आधी तो भुगा ओला करून चार दिवस झाकून ठेवा आणि मग बोला.

आता आमच्याकडे विटांचे जाळीदार कप्पे आहेत, मागच्या भिंतीला लागून, वर पत्रा. ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त सुका पालापाचोळा, वरून आंबट ताक शिंपडलेलं जुनं खत. आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. नीट चाललं असेल तर मधे हात घालवत नाही इतकं तापतं. आमच्या माळीदादांनी लोखंडी सळई खुपसून ठेवली आहे. सळई गरम म्हणजे काम चालू. सळई गार आणि वास आंबट म्हणजे हवा कमी पडली, पालापाचोळा घाला. साधारण दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत होतं. महिन्याला चारशे-पाचशे किलो निघतं.

दोन गोष्टींवर सगळं अडतं. एक, पालापाचोळा. पावसाळ्यात सुकं काही मिळत नाही आणि तेव्हाच सगळं चिकचिकीत होऊन अळ्या पडतात. झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतात, तेव्हाच पोती भरून कोरड्या जागी रचून ठेवायची. आमचा चार महिन्यांचा साठा 60 पोत्यांचा असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे काम कोण करणार? पहिल्यांदा आम्ही ते सफाईच्या ताईंवर ढकललं, त्याच पगारात. त्यांनी नीट केलं नाही आणि त्यांनी का करावं? आता त्यांना त्याचे वेगळे पैसे, हातमोजे, गमबूट आणि आंघोळीला पाणी मिळतं. त्यातल्या एकीला आज सळई न बघता नुसत्या वासावरून कप्प्याची तब्येत कळते. कचऱ्याचा ठराव मांडताना त्यात मजुरीचा आकडा लिहा. नुसता ठराव फळ्यावर राहतो.

रबाळे_शिफ्ट

वही मनापासून केली आहे हे दिसतंय, तरी मनातलं बोलतो. मी रबाळ्यात रात्रपाळी करतो. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात एकेक डेटा सेंटर उभं राहतंय. चोवीस तास कूलिंग, बॅकअपला डिझेल जनरेटर. त्यांच्या एका इमारतीसमोर आमच्या अख्ख्या सेक्टरचं बिल काहीच नाही. अशा वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना बटाट्याच्या साली वेगळ्या ठेवायला सांगताना मला संकोच वाटतो. जबाबदारी वरून खाली यावी, खालून वर नाही.

ऐरोलीकर

@रबाळे_शिफ्ट, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो खोडणार नाही. त्यांची वीज कुठून येते, उष्णता कुठे जाते हे विचारायलाच हवं. पण ते विचारायला आपल्याला तोंड हवं. गेल्या महिन्यात वॉर्डातल्या बैठकीत मी ही वही घेऊन गेलो होतो. "आमच्या 72 घरांचे एवढे टन, त्यातले एवढे आम्ही कमी करतोय" असं म्हटल्यावर ऐकणाऱ्यांचा सूर बदलला, पेनं बाहेर आली. त्याआधी दोनदा नुसती तक्रार घेऊन गेलो होतो, तेव्हा चहा मिळाला होता.

@मोगरा, ताई, मजुरीचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. ठरावात घालतो. तुमचा विटांचा कप्पा किती बाय किती?

मोगरा

आतून चार फूट बाय तीन, उंची साडेतीन. एकूण दहा. तुमच्या 50 किलोंना चार-पाच पुरतील. जमिनीला थोडा उतार द्या आणि खाली पाझर जायला चर ठेवा. तो पाझर दहापट पाण्यात मिसळून झाडांना चालतो.

फ्लेअरनट

एसीच्या गॅसबद्दल कुणी लिहिलेलं मी मराठीत पहिल्यांदाच वाचतोय. मी 19 वर्षं हेच काम करतो, ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे. तेव्हा जरा सविस्तर.

सगळ्यात आधी: एसीचा गॅस "संपत" नाही. ती बंद नळी आहे. फ्रिजमध्ये वीस वर्षं तोच गॅस असतो की नाही? एसीतला कमी झाला तर कुठेतरी लीकेज आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये फोन येतो, "कूलिंग होत नाही, गॅस टाकून द्या." मी लीक शोधायला बसलो की दोन तास जातात आणि पैसे जास्त लागतात. दुसरा माणूस वीस मिनिटांत नुसता गॅस मारून जातो आणि स्वस्तात करतो. पुढच्या एप्रिलला परत तेच. तेवढा गॅस वर्षभरात हवेत गेला.

नीट काम असं असतं. आधी नायट्रोजन भरून प्रेशर धरायचं, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे. बहुतेक वेळा लीक फ्लेअर नटवर, म्हणजे तांब्याच्या नळीच्या जोडावर, नाहीतर कॉइलमध्ये. खाडीच्या बाजूच्या बिल्डिंगींत कॉइल लवकर सडते, हवा खारट असते. लीक बंद केल्यावर व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास. मग गॅस वजनकाट्यावर मोजून, लेबलवर लिहिलाय तेवढाच. जो माणूस काटा आणत नाही आणि नळीला हात लावून "झालं" म्हणतो, त्याला काम देऊ नका.

घर बदलताना सगळ्यात जास्त गॅस जातो. एसी काढायच्या आधी पंप-डाउन करायचं असतं. एक व्हॉल्व्ह बंद करून मशीन दोन-चार मिनिटं चालवलं की सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये जमा होतो, मग दुसरा व्हॉल्व्ह बंद. फुकट काम आहे. पण घाईत बरेच जण सरळ नळी सोडतात. सुसकन आवाज येतो, तो अख्खा एक किलो गेला. पॅकर्सवाला एसी काढत असेल तर शेजारी उभे राहा आणि विचारा, पंप-डाउन केलं का?

सोसायटीने एक करावं. वर्षाचं एसी सर्व्हिसिंग एकत्र द्यावं. पन्नास-साठ मशीन एका जागी मिळाली तर माझ्यासारख्याला स्वस्तात परवडतं आणि लीक शोधायला वेळही मिळतो. दर मशीनचं कार्ड ठेवा: कोणता गॅस, किती ग्रॅम, कधी भरला. ज्याचं कार्ड दोन वर्षांत दोनदा भरलं, तिथे कॉइल बदला.

नवीन घेणाऱ्यांनी आर-32 किंवा आर-290 विचारून घ्या. आर-290 म्हणजे प्रोपेन, तापवण्याच्या बाबतीत जवळजवळ नगण्य. दोन्ही कमी-जास्त पेट घेणारे आहेत, आर-290 जास्त, तेव्हा शिकलेल्या माणसाकडूनच बसवून घ्या.

ऐरोलीकर

दादा, हा प्रतिसाद मी छापून दोन्ही विंगच्या नोटीस बोर्डावर लावतोय. चालेल ना?

फ्लेअरनट

लावा. पंप-डाउनची ओळ मोठ्या अक्षरात लावा.

तळ्याकाठी

आमचं ठाण्यातलं जुनं घर, मासुंदा तलावाजवळ. वय 71. दोन वर्षांपूर्वीपर्यंत एसी नव्हता. आता यांच्या श्वासामुळे घ्यावा लागला, त्यामुळे "एसी वापरू नका" असं कुणी म्हटलं की मला वाईट वाटतं. उकाड्यात म्हाताऱ्या माणसाला गार हवा हे औषध आहे. पण आम्ही 26 वर ठेवून पंखा दोनवर लावतो आणि छान झोप लागते. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून नवे एसी सुरू करताना 24 वरच येतात ते त्याचसाठी. लोक तिथून 18 वर नेतात आणि गोधडी घेतात.

आणि पंखे बदला. जुना 75 वॉटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 वॉटच्या आसपास. दिवसाचे पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे वर्षाला 200 हून जास्त युनिटं वाचतात. आमचे तीन पंखे एकेक करून तीन दिवाळ्यांत बदलले.

भाडेकरू_कोपरखैरणे

आम्ही भाड्याने राहतो. गच्ची आमची नाही, सभेत मत नाही, अकरा महिन्यांनी घर बदलतं. सोलर आणि कॉइल या मालकाच्या गोष्टी. कचरा वेगळा करणं आमच्या हातात आहे, तेवढं करतो. पण ठरावात लिहा की एसीचं कार्ड घराबरोबर राहील, भाडेकरूबरोबर जाणार नाही. दर वेळी नव्या घरात गेलो की आधीच्याने किती वेळा गॅस भरला ते कळत नाही आणि खर्च आमच्या माथी.

सात_बावन्न

गाड्यांच्या 44 टनांवर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी ठाण्याहून बेलापूरला जातो. सहा वर्षं गाडीने गेलो, रोज 44 किलोमीटर, तीन लिटर पेट्रोल. रोजचे सात किलो, कामाच्या 240 दिवसांचे 1.7 टन. ऐरोलीकरांच्या हिशेबाने अख्ख्या घराच्या निम्मे झाले की. आता ट्रान्स-हार्बर लोकलने जातो.

देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला ठाण्यालाच आली. विजेवरची पहिली लोकल 3 फेब्रुवारी 1925 ला धावली. रूळ आपल्या दारात आहेत, तरी लोक गाडी का काढतात? माझ्या अनुभवात अडचण लोकलची नाही, घर ते स्टेशन या दीड-दोन किलोमीटरची आहे. शेअर रिक्षाची रांग, पावसात तुंबलेला फुटपाथ. आमच्या कॉम्प्लेक्सने सकाळी सात ते साडेनऊ एक छोटी बस भाड्याने लावली आहे, मेंटेनन्समध्ये घरटी थोडी वाढ करून. आठ महिन्यांत माझ्या ओळखीच्या अकरा जणांनी रोजची गाडी सोडली. दिघा गाव स्टेशन जानेवारी 2024 मध्ये सुरू झालं, तिथल्या सोसायट्यांना तर हे सहज जमेल.

खारघर_गच्ची

सोलरबद्दल. आमचे 20 किलोवॉट, तीन वर्षं झाली. वाऱ्याची भीती रास्त आहे. मे 2021 चं तौक्ते चक्रीवादळ आठवा. म्हणून पॅनेल नुसते सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवू नका, स्ट्रक्चरल इंजिनीअरचा वाऱ्याचा हिशेब लेखी घ्या. लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवलेलं हवं, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात गंज. वॉटरप्रूफिंग आधी पूर्ण करा, मग पॅनेलचे पाय रोवा. आमच्याकडे उलट केलं आणि सातव्या मजल्यावर ओल आली. ती चूक कमिटीची, पॅनेलची नाही. पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठे पडते ते डिसेंबरमध्ये पाहा, तेव्हा सूर्य खाली असतो. महिन्यातून दोनदा धुवा. आमच्याकडे धूळ आणि कबुतरं दोन्ही आहेत, न धुतल्याने युनिटं घटतात हे ॲपवर चक्क दिसतं.

पण सोलरच्या आधी पंप पाहा. 1000 लिटर पाणी नऊ मजले चढवायला साधारण पाव युनिट लागतं. आमची वरची टाकी रोज पहाटे वाहायची. टाकी भरली की पंप बंद करणारा फ्लोट स्विच लावला आणि ते वाहणं त्याच आठवड्यात थांबलं.

खाडीकाठ

मी दिवा कोळीवाड्याचा, ऐरोलीच्याच. तुमची वही चांगली. एक पान राहिलंय ते सांगतो.

खाडीतली तिवरं, म्हणजे खारफुटी, नुसती हिरवी झाडं नाहीत. त्यांची मुळं चिखल धरतात आणि पडलेला पाला त्या चिखलात गाडला जातो. त्या चिखलात हवा नसते म्हणून तो पाला पूर्ण कुजत नाही, शेकडो वर्षांचा कार्बन तिथे पडून राहतो. तिवरं कापली, वर भराव टाकला की चिखल सुकतो, तडकतो आणि धरलेल्यातलं बरंच हवेत सुटतं. ठाण्याची खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाली, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, तरी रात्री टेम्पो येतातच. त्यात काय असतं? फोडलेल्या टाइल्स, भिंतीचा चुना, बाथरूमचे तुकडे. कुणाच्या तरी फ्लॅटचं रिनोव्हेशन. माझ्या आजाच्या वेळी जिथे निवट्या आणि चिंबोऱ्या हाताने धरायचे, तिथे आज संगमरवराचे तुकडे पायाला लागतात.

म्हणून सोसायटीला माझी विनंती: घराचं काम काढायची परवानगी देताना राडारोडा कुठे टाकणार ते ठेकेदाराकडून लिहून घ्या. टेम्पोचा नंबर आणि परतीची पावती. पावती आली नाही तर डिपॉझिट परत करू नका. झाडं लावा, जरूर लावा. पण उभी तिवरं गाडली जाणार नाहीत एवढं आधी बघा.

ऐरोलीकर

काका, गेल्या वर्षी आमच्याच सोसायटीत नऊ घरांची कामं झाली. राडारोडा कुठे गेला हे मी एकालाही विचारलं नाही, आणि डिपॉझिटच्या चेकवर सही माझीच होती. हे वाचून फार अस्वस्थ झालो. चौथा ठराव हा.

रबाळे_शिफ्ट

डेटा सेंटरचं माझं म्हणणं कायम आहे. पण काकांचं वाचून आमच्या चेअरमनना फोन केला. आमच्याकडे सध्या दोन फ्लॅटांची तोडफोड चालू आहे. उद्या सकाळी टेम्पोवाल्याबरोबर जातो, कुठे रिकामा करतो ते बघतो.

ऐरोलीकर

सभा येत्या रविवारी सकाळी अकराला. ठराव असे मांडतोय: ओल्या कचऱ्याचे पाच कप्पे आणि दोन ताईंची वेगळी मजुरी, एसीचं एकत्र सर्व्हिसिंग, कार्ड घराबरोबर राहील, आधी फ्लोट स्विच आणि वॉटरप्रूफिंग, मग सोलर, राडारोड्याच्या पावतीशिवाय डिपॉझिट नाही. स्टेशन बसचा प्रश्न पुढच्या सभेत, त्याला आधी कोण किती वाजता निघतो ते विचारावं लागेल.

एकच अडचण उरली आहे. कप्पे पावसाच्या तोंडावर सुरू होतील आणि आमच्याकडे पालापाचोळ्याचं एक पोतंही नाही. सगळा फेब्रुवारीत झाडून दिला.

सोनमोहोर

मी तुमच्या पुढच्याच सेक्टरमध्ये राहते. आमच्या आवारात पिंपळ आणि दोन बदाम आहेत, पानं मार्चपासून साठवलीत. 22 पोती आहेत, कोरडी, मीटर रूमच्या मागे. आम्हाला दहा पुरतात. शनिवारी हातगाडी घेऊन या, बाराच्या आत. नंतर वॉचमनकाका जेवायला जातात आणि किल्ली त्यांच्याकडे असते.